मोकळी जमीन कोणाची?

आपल्या समाजाची आडनावे म्हणजे भूगोलाचा एक धडाच आहे. पेणकर, नवगांवकर, दिवेकर, किहीमकर, चौलकर, आष्टमकर, रोहेकर. आडनाव उच्चारले की जुन्या कुलाबा जिल्ह्यातले, म्हणजे आजच्या रायगडातले, एखादे गाव उभे राहते. गाव सुटले, पुढे मुंबई सुटली, देशही सुटला. पण गावाचे नाव आपण आपल्या नावाला बांधून येथवर आणले. दिमोना, बेर-शेवा, अश्दोद, लोद, रामला येथील शाळांच्या हजेरीपटांत कोकणातली ती गावे अजून भेटतात. मात्र त्या गावांची मांडणी कशी होती, घर कोठे बांधावे व कोठे बांधू नये हे तेथे कोण ठरवीत असे, असे विचारले तर तरुण पिढीला सांगता येत नाही. वडीलधाऱ्यांनी ते कधी सांगितले नाही, कारण त्यांना ते सांगण्याजोगे वाटलेच नाही. पाण्यातील माशाने पाण्याचे वर्णन करावे कशाला?

आज ते सांगण्याची वेळ आली आहे. ज्या देशात आपण घर केले तेथे जमीन थोडी आहे आणि माणसे वाढती आहेत. कोणत्या जमिनीवर घरे उठावीत, कोणती नांगराखाली राहावी आणि कोणती आहे तशीच सोडावी, हा प्रश्न दर वर्षी अधिक तीव्र होत आहे. हा प्रश्न मोशाव-किबुत्सांतल्या लोकांचा, आपण शिकूनमध्ये राहणारी माणसे, आपला त्याच्याशी काय संबंध, असा समज आपल्यात सर्रास आढळतो. तो समज बरोबर नाही, हे ह्या लेखात आम्ही दाखवू इच्छितो.

गावठाण आणि शिवार

प्रथम कोकणातले गाव पाहू. मध्यभागी गावठाण, म्हणजे घरांची जागा. त्याला लागून नारळी-पोफळीच्या वाड्या. त्यापलीकडे भाताचे शिवार. शिवाराच्या वरच्या अंगाला वरकस जमीन; तेथे नाचणी-वरी पिके, आणि गवत व राबाचा पालापाचोळा मिळे. गुरांसाठी गुरचरण राखलेले. खाडीच्या बाजूला खाजण, आणि भरतीचे खारे पाणी शेतात शिरू नये म्हणून घातलेले मातीचे बांध. ह्या खारबंदीची एक गोष्ट मोठी अर्थपूर्ण आहे. बांध साऱ्यांनी मिळून राखावयाचा असे. एकाने आपल्या वाट्याच्या तुकड्याकडे दुर्लक्ष केले आणि तेथे भगदाड पडले, तर खारे पाणी केवळ त्याच्या शेतात थांबत नसे. सगळी खार नासून जाई.

ह्या मांडणीचा रंगीत नकाशा कोणी काढला नव्हता. पण गुरचरणात घर बांधावयाचे नाही, पाण्याची वाट बुजवावयाची नाही, हे लहान मुलासही ठाऊक असे. आपले पूर्वज घाणा चालवीत आणि शनिवारी तो बंद ठेवीत, म्हणून लोक त्यांस शनिवार तेली म्हणत. त्या घाण्याला लागणारा मालही अशाच वाड्या-शिवारांतून येई. आज ज्याला भूमी-उपयोग नियोजन असे भारदस्त नाव मिळाले आहे, त्याचे मूळ रूप ते हेच. प्रत्येक जमिनीचा स्वभाव ओळखावा व तिच्याकडून तिच्या स्वभावाचेच काम घ्यावे, एवढेच त्याचे सार. माणसे थोडी होती तोवर संकेत पुरला. माणसे वाढली तेव्हा कायदा करावा लागला. इस्रायलचा नियोजन व बांधकाम कायदा १९६५ सालचा आणि महाराष्ट्राचा प्रादेशिक व नगररचना अधिनियम १९६६ सालचा. एका वर्षाच्या अंतराने दोन्हीकडे एकाच गरजेने कायद्याचे रूप घेतले.

मिग्राशचा नियम

हा विचार आपल्या धर्मग्रंथांत तर फार प्राचीन आहे. लेवींना वतन म्हणून शेतजमिनीचा प्रांत न देता अठ्ठेचाळीस नगरे दिली गेली, आणि प्रत्येक नगराभोवती मोकळी जमीन राखण्याची आज्ञा झाली. बमिदबार ह्या ग्रंथाच्या पस्तिसाव्या अध्यायात तिची मापेही हातांत दिलेली आहेत. ह्या मोकळ्या पट्ट्याचे नाव मिग्राश. वायिक्राच्या पंचविसाव्या अध्यायाप्रमाणे ही जमीन विकता येत नसे.

मिश्नाच्या आराखीन भागात पुढची पायरी सांगितली आहे. शेताचा मिग्राश करू नये, मिग्राशाचे शेत करू नये. मिग्राशाचे नगर करू नये आणि नगराचा मिग्राशही करू नये, असा तो नियम. बाबा बात्रा भागात झाडे नगरापासून पंचवीस हात दूर असावीत, आणि खरनूब व रानअंजिरासारखी मोठी झाडे पन्नास हात दूर असावीत असे म्हटले आहे. नगराच्या शोभेसाठी, असे त्याचे कारण गमारात दिले आहे.

ह्या नियमाची दोन्ही अंगे लक्षात घेण्याजोगी आहेत. शेताचे नगर होऊ नये ही काळजी तर त्यात आहेच. पण नगराची हानी होऊ नये हीसुद्धा आहे. शेत आणि शहर दोहोंनाही आपापली जागा व आपापला मान आहे. आज इब्री भाषेत मिग्राश म्हणजे घर बांधावयाचा भूखंड, किंवा मुलांचे खेळाचे मैदान. बांधू नये म्हणून राखलेल्या जागेचे नाव बांधावयाच्या जागेला मिळावे, ह्यात काळाचा मोठाच विनोद आहे.

थोडी जमीन, वाढती माणसे

आता आजच्या देशाकडे वळू. इस्रायलचे क्षेत्रफळ सुमारे २२,००० चौरस किलोमीटर. १९४८ साली राज्याची स्थापना झाली तेव्हा लोकसंख्या आठ लाखांच्या घरात होती. २०२५ साली ती एक कोटीच्या पुढे गेली. क्षेत्रफळापैकी निम्म्याहून अधिक भाग दक्षिणेत, नेगेवमध्ये आहे; पण तो बहुतांशी कोरडा, आणि त्यातील मोठा हिस्सा लष्कराच्या सरावाला व राखीव वनांना दिलेला. बेर-शेवात वर्षाकाठी सुमारे २०० मिलिमीटर पाऊस पडतो. अलिबागेस दोन हजार मिलिमीटरहून अधिक पडतो, हे ध्यानात घेतले म्हणजे फरक कळेल. बहुतेक वस्ती दाटली आहे ती बेर-शेवाच्या उत्तरेस, समुद्रकाठच्या सपाट पट्टीत. आणि चांगली शेतजमीन, लिंबू-संत्र्यांच्या बागांना मानवणारी तांबडी वालुकामय हमरा माती, नेमकी तीही तेथेच आहे. घर आणि शेत एकाच तुकड्यासाठी भांडतात ते ह्यामुळे.

आरंभीच्या काळात मोकळी जमीन ही शत्रूसारखी मानली जात असे. दलदल दिसली की ती उपसावी, वाळू दिसली की तीवर वस्ती करावी. त्यामागे तळमळ होती. मलेरियाने माणसे मरत होती आणि निर्वासितांचे तांडे तंबूंत राहत होते. १९५१ ते १९५८ ह्या काळात उत्तरेकडील हुला सरोवर व त्याची दलदल उपसून शेतजमीन करण्यात आली. पण निसर्गाचा हिशेब वेगळा होता. पाणी गेल्यावर तेथील कुजलेल्या वनस्पतींची माती वाळून खचू लागली, जमिनीखाली आगी धुमसू लागल्या, आणि मातीतील नायट्रेट वाहून किनेरेत सरोवराकडे जाऊ लागले. शेवटी १९९४ साली त्या भूमीचा काही भाग पुन्हा पाण्याखाली आणावा लागला. आज हिवाळ्यात तेथे हजारो क्रौंच पक्षी उतरतात आणि ते पाहण्यास शाळांच्या सहली जातात. हुलाच्या वादातूनच १९५३ साली निसर्ग संरक्षण संस्था जन्मास आली आणि १९६४ साली हुलाचा उरलेला तुकडा देशाचे पहिले राखीव निसर्गक्षेत्र ठरला.

कायद्याची चौकट

१९६५ च्या कायद्याने नियोजनाची उतरंड घातली. तळाशी स्थानिक समिती, तिच्यावर जिल्हा समिती, आणि शिखरावर राष्ट्रीय नियोजन परिषद. वरच्या आराखड्याला खालच्याने छेद द्यावयाचा नाही. ह्याच कायद्याच्या पहिल्या परिशिष्टाने शेतजमीन संरक्षण समिती निर्माण केली. १९६८ साली शहरांबाहेरील जवळजवळ सर्व जमीन शेतजमीन म्हणून घोषित झाली. जेथे कधी नांगर लागणार नाही अशी वाळूही तीत आली. हेतू उघड होता. एकदा शेतजमीन म्हटली की समितीच्या संमतीवाचून तीवर बांधकामाची योजना मंजूर होऊ नये. पुढे ह्या समितीच्या कामात मोकळ्या जागांच्या रक्षणाचीही भर पडली.

दुसरी गोष्ट मालकीची. देशातील सुमारे ९३ टक्के जमीन सार्वजनिक आहे. १९६० च्या मूलभूत कायद्याने ती विकण्यास मनाई केली. ती पट्ट्याने दिली जाते. महाराष्ट्रात कूळ कायद्याने १ एप्रिल १९५७ रोजी कसणारे कूळ जमिनीचे मालक झाले. येथे तसे नाही. मोशावातला शेतकरी जी जमीन कसतो ती बहुधा राष्ट्राची, आणि शेतीसाठीच म्हणून त्याच्या हाती दिलेली. म्हणजे तिच्या मालकीत दिमोनाच्या कामगाराचा आणि लोदच्या परिचारिकेचाही वाटा आहे. लेखाच्या शीर्षकातील प्रश्नाचे कायदेशीर उत्तर हे असे आहे.

नव्वदीचे दशक

ह्या चौकटीची खरी परीक्षा १९९० नंतर झाली. सोव्हिएत संघातून लोंढा आला. १९९० आणि १९९१ ह्या दोनच वर्षांत साडेतीन लाखांहून अधिक माणसे देशात आली. त्यांना छप्पर देणे कर्तव्यच होते. १९९० साली तात्पुरता कायदा करून घरबांधणीच्या योजना झटपट मंजूर करणाऱ्या विशेष समित्या नेमल्या गेल्या. त्याच सुमारास शेतीची अवस्था बिकट झाली होती. मोशाव आणि किबुत्स कर्जांत बुडाले होते. १९९२ पासून जमीन परिषदेने एकामागून एक ठराव केले. शेतजमिनीचा उपयोग बदलून तीवर घरे वा दुकाने उठली, तर ती कसणाऱ्यांना त्या नव्या, कितीतरी पट वाढलेल्या किमतीत हिस्सा मिळू लागला.

ह्याचा परिणाम काय झाला असेल, हे सांगावयास अर्थशास्त्रज्ञ नको. जे शेत राखल्याने पोट भरत नाही आणि मोडल्याने संपत्ती मिळते, ते कोण राखील? मोठ्या शहरांजवळच्या कित्येक बागा घरांच्या ओळींखाली गेल्या. शेतीच्या आवारांत फर्निचरची दुकाने आणि बाजार उभे राहिले.

ह्याविरुद्ध न्यायालयात जे लोक गेले त्यांत पूर्वेकडील देशांतून आलेल्या यहुद्यांची 'हकेशेत हदेमोक्रातित हमिझ्राहित' ही संघटना पुढे होती. तिचा युक्तिवाद साधा होता. विकास-नगरांत सरकारी सदनिकेत चाळीस वर्षे राहिलेल्या माणसाचा सार्वजनिक जमिनीवर तेवढाच हक्क आहे. मग तिच्या वाढलेल्या मोलातून केवळ काहींना वाटा का? २००२ च्या ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांतील तीन ठराव रद्द केले. सार्वजनिक जमिनीचे वाटप न्याय्य असले पाहिजे हे तत्त्व त्या निकालाने पक्के झाले. शेतकऱ्याला भरपाई मिळावी, पण वाजवी, असा त्याचा आशय. आपल्या समाजातील बहुतेकांस ह्या निकालाची वार्ताही नव्हती. वास्तविक तो आपल्यासारख्यांच्याच हक्काचा होता.

पाच पोतांचा आराखडा

त्याच वर्षांत नियोजनकारही स्वस्थ नव्हते. १९९३ साली तामा ३१ हा राष्ट्रीय आराखडा मंजूर झाला. तंत्रशास्त्राच्या हैफा येथील विद्यापीठात, तेखनियोनमध्ये, आदाम माझोर ह्यांच्या नेतृत्वाखाली 'इस्रायल २०२०' ह्या नावाने दीर्घकालीन आराखड्याचे काम चालले. ह्या साऱ्या विचारातून २००५ सालच्या नोव्हेंबरमध्ये तामा ३५ मंजूर झाला. जमिनीची विभागणी त्यात पाच पोतांत केली आहे: नागरी, ग्रामीण, संमिश्र राखीव, राष्ट्रीय राखीव आणि किनारी. विणकराच्या हातमागावर जसा प्रत्येक पट्ट्याचा सूत वेगळा, तसा येथे प्रत्येक पट्ट्याचा नियम वेगळा.

त्यातील तीन गोष्टी महत्त्वाच्या. पहिली, नवी वस्ती मूळ वस्तीला लागूनच व्हावी, रानात सुटी टाकू नये. दुसरी, शहरात दर दुनमला किमान अमुक घरे झालीच पाहिजेत. जागा उधळावयाची नाही. (दुनम म्हणजे हजार चौरस मीटर, एका एकरात सुमारे चार दुनम बसतात.) तिसरी, प्रत्येक ग्रामीण वस्तीला घरांची एक कमाल मर्यादा, म्हणजे गाव गावच राहील. एका बाजूस किमान आणि दुसऱ्या बाजूस कमाल, अशी ही जोडी आहे. मिश्नाच्या दुहेरी नियमाचे हे आधुनिक रूपच म्हणावयाचे.

किनाऱ्यासाठी २००४ साली स्वतंत्र कायदा झाला. पाण्याच्या रेषेपासून शंभर मीटरपर्यंत बांधकामास सर्वसाधारणपणे बंदी, आणि तीनशे मीटरपर्यंत कडक तपासणी. त्याच्या बळावर आणि लोकांच्या चिकाटीवर पाल्माखीमचा समुद्रकिनारा वाचला. तेथे व्हावयाचे विश्रामनगर २०१२ साली सरकारनेच रद्द केले. यरुशलेमच्या पश्चिमेकडील डोंगरांवर वीस हजार घरे उठवणारी योजना राष्ट्रीय परिषदेने २००७ च्या फेब्रुवारीत फेटाळली. तिच्याविरुद्ध हजारो नागरिकांनी लेखी हरकती घेतल्या होत्या.

मोकळी जमीन काय काम करते?

रिकामी दिसणारी जमीन रिकामी बसलेली नसते. किनारपट्टीखाली भूजलाचा मोठा साठा आहे. पावसाचे पाणी वाळूतून झिरपते तेव्हा तो भरतो. सिमेंट व डांबर घातले की तेच पाणी गटारांतून समुद्रास मिळते. आज पिण्याच्या पाण्याचा मोठा भाग समुद्राचे पाणी गोडे करून येतो हे खरे; पण म्हणून जमिनीखालची विहीर बुजवणे शहाणपणाचे नव्हे.

पुराचेही तसेच आहे. तेल-अवीवच्या दारात हिरिया नावाचा कचऱ्याचा डोंगर होता. १९९८ साली तेथे कचरा टाकणे बंद झाले. आज तो डोंगर आणि अयालोन नदीचा सभोवतालचा सपाट प्रदेश मिळून विस्तीर्ण उद्यान झाले आहे. त्या सपाटीवर इमारती बांधता आल्या असत्या. पण हिवाळ्यात अयालोनला पूर आला म्हणजे पाणी पसरावयास जागा हवी. ती ह्या उद्यानाने दिली. ज्यांच्या पूर्वजांनी पावसाळ्यातली कुंडलिका आणि अंबा पाहिली, त्यांस नदीला पसरावयास जागा लागते हे समजावून द्यावयास नको. दिमोनाजवळील ममशीतचे अवशेष पाहिले तर दोन हजार वर्षांपूर्वीच्या नबाती लोकांनी थेंब थेंब पाणी अडवून वाळवंटात नगर कसे चालवले ते दिसते. जमिनीचा उतार व ओढ्याची वाट न मोडता त्यांनी वस्ती केली होती.

दुसरी बाजू

हे सर्व मान्य केले तरी एक प्रश्न उरतो, आणि तो प्रामाणिकपणे मांडला पाहिजे. नवविवाहित जोडप्याने राहावयाचे कोठे? घरांच्या किमती सामान्य पगारदाराच्या आवाक्याबाहेर गेल्या आहेत. २०११ च्या उन्हाळ्यात तरुणांनी तेल-अवीवच्या रोथशिल्ड मार्गावर तंबू ठोकले ते ह्याच दुःखाने. त्यानंतर २०१४ साली नेहमीच्या पायऱ्या ओलांडून मोठ्या गृहयोजना मंजूर करणारी नवी समिती आली, आणि तिच्या अनेक योजना शहरांच्या कडेच्या शेतजमिनीवर पडल्या.

नकाशा साऱ्यांना समान वागवतो असेही नाही. नेगेवमधील अनेक बेदुइन वस्त्या १९६५ नंतरच्या नकाशांत वस्ती म्हणून दाखवल्याच गेल्या नाहीत. तेथे माणूस आपल्या मुलासाठी खोली बांधू लागला तर तिला परवाना मिळत नाही, कारण कागदावर तेथे शेत आहे. त्यांतील काहींना पुढे मान्यता मिळाली. अनेक अजून त्याविना आहेत. अरब गावांच्या हद्दी वाढत्या कुटुंबांना अपुऱ्या पडल्याची तक्रारही जुनी आहे. मोकळ्या जमिनीचे रक्षण कोणा एकाच्याच डोक्यावरील छपराच्या मोलाने होऊ लागले, तर ते रक्षण राहत नाही. खारबंदी सर्वांची असते तेव्हाच टिकते.

मग मार्ग कोणता? आमच्या मते शेताचे भवितव्य शहरात ठरते. शहरातले घर राहण्याजोगे असेल, शाळा चांगली असेल, जिना स्वच्छ असेल, सावलीला झाड असेल, तर माणूस शहर सोडून माळावर बंगला शोधावयास जाणार नाही. ह्याउलट विकास-नगर उपेक्षित ठेवावे आणि जवळच नवी, सुबक, लहानशी वस्ती उभारावी, म्हणजे नगरातली ऐपतदार कुटुंबे तिकडे उठून जातात. मागे राहणाऱ्यांची शाळा आणि कराचे उत्पन्न दोन्ही रोडावतात. २०२२ च्या मार्चमध्ये अरादजवळ नव्या वस्त्या वसवण्याचा निर्णय मंत्रिमंडळाने घेतला तेव्हा निसर्गप्रेमींनी विरोध केला तो केवळ हरणांच्या कळवळ्याने नव्हे. माळ मोडतो आणि नगरही खंगते, असे ते दुहेरी नुकसान आहे.

पन्नास-साठ वर्षांपूर्वीचे जुने शिकून पाडून तेथेच अधिक मजले उभारणे, म्हणजे पिनुई-बिनुई, हा सरळ उपाय दिसतो. मध्य भागात तो चालतो, कारण वाढीव सदनिका विकून बांधकाम करणाऱ्याचा खर्च निघतो. दिमोनात वा येरुहाममध्ये घरांचे दर कमी, म्हणून हिशेब जुळत नाही. तो जुळावा म्हणून कधीकधी शासन बांधणाऱ्याला दुसरीकडे पूरक जमीन देते, आणि ती बहुधा शहराच्या कडेची मोकळी जमीन असते. म्हणजे जुने घर वाचवावयास पुन्हा माळच मोडला. ही गाठ सुटावयाची असेल, तर नगरांच्या नूतनीकरणाला शासनाने रोख साहाय्य दिले पाहिजे. आणि ही मागणी त्या नगरांत राहणाऱ्यांनीच लावून धरावयास हवी.

मूळ गावांकडे एक दृष्टिक्षेप

आपल्या पूर्वजांची गावेही ह्याच उंबरठ्यावर आहेत. १९७० साली सिडको स्थापन झाली आणि ठाणे व कुलाबा जिल्ह्यांतील ९५ गावांच्या जमिनी नव्या मुंबईसाठी घेण्यात आल्या. न्याय्य मोबदल्यासाठी १९८४ साली उरण भागात शेतकऱ्यांचे आंदोलन झाले, त्यात पाच जणांचे प्राण गेले. २०२० पासून मोटारी घेऊन बोट मांडव्याला लागते. जानेवारी २०२४ मध्ये शिवडी ते न्हावा-शेवा हा सागरी सेतू खुला झाला. मुंबईचा धनिक अलिबागेच्या वाडीत शनिवार-रविवारचा बंगला बांधतो. भारताच्या १९९१ च्या किनारा नियमनाप्रमाणे भरतीरेषेपासून पाचशे मीटरचा पट्टा नियंत्रणाखाली आला, आणि ग्रामीण किनाऱ्यावर पहिले दोनशे मीटर बांधकामाविना राखावयाचे होते. २०१९ च्या अधिसूचनेने दाट वस्तीच्या ग्रामीण भागात ते अंतर पन्नास मीटरवर आणले.

नवगांवच्या किनाऱ्यावर, परंपरेप्रमाणे आपले पहिले पूर्वज जहाज फुटून जेथे लागले, तेथे त्यांची दफनभूमी आहे. जवळची मोकळी जागा हे त्या स्मृतीचे कुंपण आहे. इस्रायलमध्ये राहून आपण रायगडचा आराखडा ठरवू शकत नाही. पण तेथील समाजबांधव व ग्रामस्थ जेव्हा किनारा मोकळा राखा म्हणून सांगतात, तेव्हा त्यांच्या पाठीशी शब्द घालणे आपल्या हाती आहे.

आपण काय करावे?

शिक्षकी पेशामुळे आम्हांस गृहपाठ दिल्याविना राहवत नाही. तो थोडक्यात असा.

कोणतीही योजना मंजूर होण्यापूर्वी ती ठेवली जाते, म्हणजे लोकांच्या पाहणीस खुली होते. त्याची सूचना वृत्तपत्रांत येते आणि त्या जागेवर फलक लागतो. तो फलक आपण रोज ओलांडतो व वाचीत नाही, तो वाचावा. योजनेमुळे आपल्या हितास बाध येत असेल तर सूचनेपासून साठ दिवसांत हरकत घेता येते. हरकत लेखी असावी, तिची कारणे स्पष्ट असावीत, आणि तीतील तथ्यांस प्रतिज्ञापत्राची जोड असावी. केवळ 'आम्हांस हे नको' एवढ्याने भागत नाही. पाणी कोठे जाईल, मुलांना शाळेत जागा आहे का, गावातील मोडके शिकून आधी का दुरुस्त करीत नाही, असे नेमके विचारावे. इब्री कच्ची असलेल्या वृद्धांस मुलांनी व नातवंडांनी साहाय्य करावे. आपल्या मंडळांनी मलिदा, सण व सत्कार-समारंभांबरोबर वर्षातून एक संध्याकाळ आपल्या नगराच्या आराखड्याला द्यावी. इरियाच्या अभियंत्यास बोलवावे आणि नकाशा भिंतीवर लावून समजून घ्यावा.

तू बिश्वातला आपण झाडे लावतो. ते चांगलेच आहे. परंतु झाड लावावयास माती लागते, आणि कोणती माती मातीच राहावयाची हे समितीच्या टेबलावर ठरते. त्या टेबलापाशी पेणकर, दिवेकर, नवगांवकर दिसले पाहिजेत. आपल्या नावात गाव आहे. गाव म्हणजे काय हे सांगण्याचा अधिकार आपल्यास अनेकांहून अधिक आहे. तो वापरावा, एवढेच आमचे सांगणे आहे.